मेडिकल बोर्डाने ‘नाही’ लिहिले, म्हणजे संपले?

‘एएफएमएसएफ-१६’ असे रुक्ष नाव असलेला एक छापील फॉर्म आहे. जवान निवृत्त होताना त्याची जी शेवटची वैद्यकीय तपासणी होते, तिचा सगळा तपशील या फॉर्मात भरतात. रक्तदाब, मधुमेह, मणक्याचे दुखणे, कमी ऐकू येणे, जे काही असेल ते नावानिशी नोंदवले जाते आणि त्यापुढे टक्केवारी पडते. मग येतात ते दोन रकाने, ज्यांच्यावर पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा हिशेब ठरतो. हा आजार लष्करी सेवेमुळे जडला का? सेवेमुळे बळावला का? दोन्हींपुढे ‘नाही’ लिहिलेले असते आणि कारणाच्या जागी बहुतेक वेळा एकच ओळ असते: आजार शरीरप्रकृतीचा आहे, सेवेशी संबंध नाही. जवान खाली सही करतो, डिस्चार्ज बुक घेतो आणि गावची गाडी पकडतो. फॉर्म ट्रंकेत जातो.

बऱ्याच दाव्यांचा निकाल इथेच लागतो. कोर्टाची पायरीही कोणी चढलेले नसते. सातारा, सांगली, कोल्हापूर या फौजी पट्ट्यात माजी सैनिकांच्या बैठकीत डिसॅबिलिटी पेन्शनचा विषय निघाला की ऐकीव माहितीचा पूर येतो. कोणी म्हणतो, ‘लढाईत गोळी लागली तरच मिळते.’ कोणी म्हणतो, ‘सहा महिने उलटले, आता काही होत नाही.’ तिसऱ्याचे म्हणणे याच्या अगदी उलटे: ‘कोर्टात जा, शंभर टक्के मिळते.’ तिघेही चुकीचे आहेत.

‘गोळी लागली तरच’

युद्धात किंवा कारवाईत जखमी झालेल्यांसाठी वेगळी आणि मोठी तरतूद आहे, तिला ‘वॉर इन्ज्युरी पेन्शन’ म्हणतात. साधी डिसॅबिलिटी पेन्शन त्याहून निराळी. तिथे अट दोनच गोष्टींची आहे: अपंगत्व सेवेमुळे आलेले किंवा बळावलेले असावे आणि ते किमान २० टक्के असावे. हात-पाय गमावणे हा तिचा एक छोटा भाग झाला. तोफखान्यात वर्षानुवर्षे राहून कान गेलेला हवालदार, उंचावरच्या चौकीवर राहून रक्तदाब मागे लागलेला नाईक, फिट येऊ लागलेला सिग्नल्सचा जवान हे सारे दावा करू शकतात. मानसिक आजारही यातून वगळलेला नाही. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये किंवा खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात दिसणारे अपंगत्व डोळ्यांना दिसते म्हणून तेवढेच खरे, असे नियम कुठेही म्हणत नाहीत.

‘बोर्डाचा शब्द अखेरचा’

हा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे आणि त्याने नुकसानही सर्वांत जास्त केले आहे.

मेडिकल बोर्ड आजार कोणता आणि किती टक्के, हे सांगते. त्यात डॉक्टरांचा शब्द वजनदार असतो आणि असायलाही हवा. पण त्या आजाराचे नाते सेवेशी आहे की नाही, हे ठरवण्याचे नियम कायद्याने घालून दिले आहेत आणि बोर्डही त्या नियमांनी बांधलेले आहे. हे नीट समजून घ्यायचे तर २ जुलै २०१३ च्या एका निकालाकडे जावे लागते. ‘धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार’ हे नाव आज डिसॅबिलिटी पेन्शनच्या जवळजवळ प्रत्येक अर्जात सापडते.

हा जवान १९८५ साली सिग्नल्समध्ये भरती झाला. नऊ वर्षांनी, १९९४ मध्ये, फिट येतात म्हणून त्याला सेवेतून कमी केले गेले. अपंगत्व २० टक्के, कायमचे. बोर्डाचे मत ठरलेले होते: आजार प्रकृतीचा, सेवेशी संबंध नाही. पेन्शन नाकारली गेली, अपील फेटाळले गेले. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूने निकाल दिला, तर खंडपीठाने तो फिरवला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ चे ‘एन्टायटलमेंट रूल्स’ पुढ्यात घेतले आणि साधाच प्रश्न विचारला. भरतीच्या वेळी याला नखशिखांत तपासून घेतले होते ना? तेव्हाच्या कागदावर या आजाराची नोंद आहे का?

नोंद नव्हती. मग नियमाप्रमाणे असे धरावे लागते की माणूस सैन्यात आला तेव्हा धडधाकट होता आणि पुढे जी घसरण झाली ती सेवेत झाली. सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नाही. उलट सरकारने दाखवायचे की संबंध नाही. शंका उरली तर तिचा फायदा जवानाला मिळतो. भरतीच्या वेळी हा आजार तपासणीत सापडणे शक्यच नव्हते असे बोर्डाला म्हणायचे असेल, तर त्याची कारणे त्याने लिहून दिली पाहिजेत. या प्रकरणात कारणे दिलीच नव्हती. जवान जिंकला, पण सेवा सुटल्यानंतर एकोणीस वर्षांनी.

तेव्हापासून प्रश्न असा उरतो की बोर्डाने ‘नाही’ म्हटले ते कशाच्या आधारावर. नुसती ठरावीक ओळ असेल तर अपिलात ती टिकणे अवघड. मे २०२५ मध्ये मानसिक आजाराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाने कारणेच दिली नाहीत एवढ्या मुद्द्यावर जवानाला पेन्शन दिली. त्याआधीच्या महिन्यात सियाचेनवर तैनात असताना फिट आलेल्या एका जवानाचा निकाल लागला होता. त्याची सेवा सुटली होती १९८९ साली.

आणखी एक जुना निकाल इथे जोडून सांगायला हवा. पूर्वी बोर्डाने ‘होय’ म्हटले तरी अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयात बसलेला वैद्यकीय सल्लागार फाइल पाहून ते ‘नाही’ करत असे. टक्केवारीही कापत असे, जवानाला न बघता. ज्याने रुग्ण तपासला नाही त्याने तपासणाऱ्याचे मत बदलायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितले. ही प्रथा बंद व्हायला त्यानंतरही बराच काळ गेला. जुनी प्रकरणे चाळताना हा मुद्दा हमखास तपासावा.

‘पीस स्टेशनला झालेला आजार धरत नाहीत’

सीमेवर असताना जडलेला आजार सेवेचा आणि छावणीत असताना जडलेला जीवनशैलीचा, अशी विभागणी बोर्डाच्या कागदांवर सर्रास दिसते. नियमांत असे सरसकट विधान नाही. हृदयविकाराच्या बाबतीत तर झटका येण्याआधीच्या चौदा दिवसांत जवानाकडे कोणती कामे होती, त्यांचा ताण किती होता, याची नोंद मागवून पाहायची असते. म्हणजे ठिकाणाइतकेच कामही पाहायचे. शिवाय तीन वर्षे उंचावर काढून पुण्यात बदलून आलेल्या माणसाला पुण्यात मधुमेह निघाला, तर तो पुण्यातच सुरू झाला असे कोणी कशावरून ठरवावे?

मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे नेमका असाच प्रश्न आला होता. तीस वर्षे सेवा केलेल्या एका सुभेदाराला मधुमेह होता आणि तो पीस स्टेशनला असताना निघाला, म्हणून दावा नाकारला गेला होता. २००८ च्या सुधारित नियमांत जवानाला मिळणारे जुने झुकते माप कमी झाले आहे, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही नुसते ‘जीवनशैलीचा आजार’ म्हणून बोर्डाला मोकळे होता येणार नाही. सेवेमुळे झाला नाही तर मग कशामुळे झाला, हे सांगावे लागेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

सरकारी बाजू अगदीच पोकळ आहे असे मात्र नाही. अधिकाऱ्यांत डिसॅबिलिटी पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा बरेच जास्त आहे, याकडे कॅगने बोट दाखवले आहे. तोफेच्या तोंडी जवान जास्त आणि रक्तदाबाची पेन्शन साहेबाला जास्त, हे चित्र कोणालाही खटकेल. पण त्यावरचा उपाय प्रत्येक दावा नीट तपासणे हा आहे. सगळ्यांना एकाच शिक्क्याने परत पाठवले तर खोटा दावा करणारा वकील लावून वर जातोच. अडकतो तो खरा दावेदार, ज्याला अपील कसे करायचे तेच ठाऊक नसते.

‘रजेवर असताना झाले, मग कसले सेवेमुळे?’

इथे उत्तर एका शब्दात देता येत नाही. १९९९ च्या मदन सिंग शेखावत प्रकरणातला जवान किरकोळ रजेवर, म्हणजे कॅज्युअल लीव्हवर, घरी निघाला होता. रेल्वेत अपघात झाला आणि त्याला हात गमवावा लागला. प्रवास सरकारी खर्चाने नव्हता, तिकीट त्याने स्वतः काढले होते, म्हणून पेन्शन देता येत नाही असा सरकारचा युक्तिवाद होता. कॅज्युअल लीव्ह ही नियमाने ड्युटीच धरली जाते. तिकिटाचे पैसे कोणाच्या खिशातून गेले यावर एका हाताचा हिशेब ठरवता येणार नाही, अशा आशयाने सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद मोडून काढला.

पण वार्षिक रजेत बहिणीच्या घरी पडून जखमी झालेल्या एका नाईकाला त्याच न्यायालयाने २०१५ मध्ये नकार दिला. त्या पडण्याचा आणि सैन्यातल्या कामाचा काडीचाही संबंध नव्हता. रजेतल्या अपघातात हा धागा दाखवता आला पाहिजे. म्हणूनच जखमेच्या दाव्यात ‘इन्ज्युरी रिपोर्ट’ आणि ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’चे कागद सोन्याच्या मोलाचे. अपघात झाल्यावर युनिटला कळवायचा कंटाळा करणारा जवान दहा वर्षांनी पस्तावतो.

पैशांचा हिशेब

टक्केवारीबद्दलचे गोंधळ एका उदाहरणाने सुटतील. समजा, निवृत्त होताना पेन्शनसाठी धरला जाणारा पगार ६०,००० रुपये आहे. अपंगत्व १०० टक्के असेल तर डिसॅबिलिटी एलिमेंट पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १८,००० रुपये. ४० टक्के अपंगत्वाला त्याच प्रमाणात ७,२०० रुपये. मात्र इथे ‘ब्रॉड बँडिंग’ लागू होते: ५० टक्क्यांखालचे अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५ चे ७५ आणि त्यावरचे १००. म्हणून ४० टक्केवाल्याला ९,००० रुपये मिळतात. हे सर्व सर्व्हिस पेन्शनच्या वर, महागाई दिलाशासकट.

ही वाढ आजारपणामुळे मध्येच घरी पाठवलेल्यांनाच मिळते, मुदत पूर्ण करून आलेल्यांना नाही, असे सांगणारे अजून भेटतात. सुरुवातीला सरकारचे धोरण तसेच होते. १० डिसेंबर २०१४ रोजी ‘राम अवतार’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो भेद काढून टाकला. स्वतःहून मुदतपूर्व निवृत्ती घेतली की हक्क गेला, हेही १ जानेवारी २००६ पासून बाहेर पडलेल्यांच्या बाबतीत खरे नाही. मात्र मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याचे अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर ते ५० करून घेता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पक्के केले. आजारपणामुळे सेवेतूनच काढलेल्या जवानाचे गणित वेगळे: ज्या अपंगत्वामुळे नोकरी गेली ते २० टक्क्यांहून कमी कसे, असा सवाल २०१४ च्या सुखविंदर सिंह निकालाने विचारला आहे.

आणि समजा सेवेशी संबंध नाहीच असे ठरले, तरी आजारपणामुळे बाहेर पडावे लागलेल्याला ‘इनव्हॅलिड पेन्शन’चा मार्ग असतो. त्यासाठीची किमान दहा वर्षे सेवेची अट सरकारने २०२० मध्ये काढली. ही सवलत ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांना आहे. गावात हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

‘सहा महिने गेले’

पहिले अपील नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत करायचे. तेही फेटाळले तर दुसरे अपील पुन्हा सहा महिन्यांत. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, म्हणजे ‘एएफटी’. तिथेही सहा महिन्यांची मुदत आहे. ही शिडी पायरी-पायरीने चढायची असते. वरच्या पायरीवर एकदम उडी मारली तर ‘आधी अपील करून या’ असे ऐकावे लागते.

मुदत टळली म्हणून दार कायमचे बंद होत नाही. सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे पेन्शन दर महिन्याला मिळायची असते, त्यामुळे ती नाकारणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो. ‘तरसेम सिंह’ प्रकरणातला जवान १९८३ मध्ये बाहेर पडला आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पेन्शनचा हक्क मान्य केला, पण थकबाकी अर्ज दाखल करण्याआधीच्या तीनच वर्षांची दिली. बाकीची तेरा वर्षे गेली ती गेलीच. २००८ च्या नियमांत आणखी एक खोच आहे: निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला, तर सिद्ध करण्याचा भार जवानावर येतो. ‘आज ना उद्या बघू’ म्हणणाऱ्याला उशिराची किंमत अशी दुहेरी मोजावी लागते.

एएफटी म्हणजे दिल्लीच्या वाऱ्या, ही भीतीही अनाठायी आहे. ऑगस्ट २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते या न्यायाधिकरणाचे उद्घाटन झाले. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे आणि महाराष्ट्र, गोवा, गुजरात त्याच्या कक्षेत येतात. तिथे हरल्यावर सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट अरुंद आहे, कारण व्यापक सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा लागतो. पण मार्च २०२३ च्या निकालाने उच्च न्यायालयाची वाट पुन्हा मोकळी झाली.

‘कोर्टात गेले की मिळतेच’

नाही मिळत. २०१९ मध्ये नरसिंह यादव प्रकरणात स्किझोफ्रेनियाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. असा आजार भरतीच्या तपासणीत दिसत नाही, म्हणून ‘आला तेव्हा ठीक होता’ एवढ्यावर भागत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. वर सांगितलेल्या २०२५ च्या प्रकरणातही आजार मानसिकच, निकाल मात्र उलटा. फरक पडतो तो त्या-त्या कागदांनी आणि बोर्डाने दिलेल्या किंवा न दिलेल्या कारणांनी. शेजारच्या गावातल्या कोणाला मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल, हे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

जिंकल्यावरही सरकार वर जाऊ शकते आणि जात आले आहे. जखमी जवानाला कोर्टकचेऱ्या कराव्या लागू नयेत म्हणून गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली गेली. अपंगत्वाच्या पेन्शनवरची सरकारी अपिले कमी करा, असे तिने सुचवले. त्यानंतरही अशी अपिले येतच राहिली. वर सांगितलेले सुभेदाराचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात नेले होते ते केंद्र सरकारनेच.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नियम पुन्हा बदलले. आजारांचे निकष नव्याने लिहिले गेले आणि ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ ही नवी संज्ञा आली. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यावर कडाडून टीका केली. आता निवृत्त होणाऱ्याने सासऱ्यांच्या किंवा काकांच्या काळचा नियम न विचारता स्वतःच्या तारखेला कोणता नियम लागू होता ते पाहावे. अग्निवीरांना तर मासिक डिसॅबिलिटी पेन्शन नाहीच. अपंगत्व सेवेमुळे आलेले असेल तर १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख आणि ५० ला १५ लाख अशी एकरकमी मदत आहे. तीही सेवेशी संबंध मान्य झाला तरच, म्हणजे तोच जुना रकाना इथेही आडवा येतो.

ट्रंकेतला तो फॉर्म बाहेर काढा. ‘नाही’पुढे कारण लिहिले आहे का, ते वाचा. फॉर्म नसेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला आहे, तोफखान्याचे नाशिक रोडला. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद, प्रत्येक इस्पितळाचे डिस्चार्ज कार्ड, कुठे किती वर्षे होतो याची यादी आणि नकाराचे पत्र एवढे एका फाइलमध्ये लावा. पहिल्या अपिलाला वकील लागत नाही. साध्या अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. टक्केवारीतून हिस्सा मागणाऱ्या दलालाकडे जाऊ नका. नकाराच्या पत्रावरची तारीख आजच पाहा आणि सहा महिने तिथून मोजा.